नळाचं हो, निर्धास्त प्या

पाण्याचं भांडं पुढे ठेवलं तरी काकींचा हात त्यावरून लगेच निघत नसे. भांड्याच्या तोंडावर तळवा आडवा धरून त्या आधी तुमच्याकडे बघायच्या, मग म्हणायच्या, "नळाचं हो. निर्धास्त प्या," आणि मगच तळवा उचलायच्या. पोस्टमन असो, सरपंच असो, मुंबईहून आलेला सख्खा दीर असो, हे वाक्य ऐकल्याशिवाय त्या घरात कोणाच्या घशाखाली पाणी उतरलं नाही. मी तर वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जात होते, तरी मलाही दर खेपेला ते नव्याने सांगितलं जाई. एकदा मी म्हटलं, काकी, मला ठाऊक आहे हो. तर म्हणाल्या, तुला ठाऊक आहे, भांड्याला ठाऊक नाही. या उत्तराचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, पण त्यानंतर मी मुकाट्याने ऐकून घेऊ लागले.

मी रत्नागिरीतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत पाणी तपासण्याचं काम करते. स्कूटरच्या मागे बर्फाची पेटी बांधायची, ठरलेल्या जागी जाऊन बाटल्या भरायच्या, त्या बर्फात ठेवून संध्याकाळच्या आत परत यायचं. आता रत्नागिरीत स्कूटरवर बर्फाची पेटी दिसली की लोकांना त्यात एकच वस्तू दिसते. वाटेत कोणीतरी हात करून थांबवतं आणि विचारतं, सुरमई काय भाव? मी पाणी आहे म्हणून सांगितलं की त्या माणसाच्या चेहऱ्यावर मला वेड लागल्याची शंका स्पष्ट उमटते. या नोकरीत मान किती, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

काकींची वाडी शहरापासून तासाभराच्या वाटेवर, एका मोठ्या सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, पायथ्याशी आहे. सड्यावर फार पूर्वी लष्कराची छावणी होती. कोणाची, कुठल्या काळातली, यावर वाडीत जितकी डोकी तितकी मतं आहेत. एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. छावणी उठून गेली, पण तिचा उकिरडा इथेच राहिला. गाड्यांचं जळकं तेल, रंगांचे डबे, यंत्रं धुवायच्या औषधाची पिंपं असं सगळं वरच्या खोलगट जागेत लोटून त्यावर माती ओढलेली होती. गवत उगवलं आणि लोक विसरले. गुरं चरायची, पोरं क्रिकेट खेळायची. पुढे कधीतरी काकींच्या विहिरीच्या पाण्याला गोडसर वास येऊ लागला.

मग साफसफाई झाली. ती गोष्ट माझ्या आधीची. पिंपं काढून नेली. जे काढता येण्यासारखं नव्हतं त्यावर चिकणमातीचा थर, जाड प्लॅस्टिकचं कापड आणि पुन्हा माती घातली. कुंपण झालं, फाटकावर पाटी लागली. सड्यावर खणायचं नाही, बोअर मारायची नाही, घर बांधायचं नाही, आंबा-काजूची कलमं लावायची नाहीत, कारण त्यांची मुळं खालच्या कापडापर्यंत पोचतात. पायथ्याच्या विहिरींचं पाणी वापरायचं नाही. हे सगळं तिथल्या सातबाऱ्यांवर इतर हक्कांच्या रकान्यातही चढलं. वाडीला नळ आला. आणि सड्याच्या उतारावर ठिकठिकाणी जमिनीत पाइप उतरवले गेले, खालच्या पाण्यावर नजर ठेवायला. त्यातला एक पाइप काकींच्या परसाच्या दगडी गडग्याला लागून होता, त्यांच्या विहिरीच्या वरच्या अंगाला. त्या पाइपातलं आणि विहिरीतलं पाणी वर्षातून एकदा, फाल्गुनात, मी भरून न्यायची.

विहीर काकींच्या सासऱ्यांनी जांभा फोडून काढलेली होती. लग्न होऊन आल्यावर काकींनी घरात आणलेली पहिली कळशी तिथलीच. आता तिच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलेलं होतं. पाणी बंद झालं त्याच वर्षी काकींच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. पोहे खाल्ले, चहाला नको म्हणाले, आणि पाण्याची भांडी भरलेली तशीच ठेवून उठून गेले. मुलीचं लग्न पुढे चांगल्या घरी झालं, त्यात काही अडलं नाही. पण ती भरलेली भांडी उचलून आत नेताना काय वाटलं, ते काकींनी मला एकदाच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते वाक्य म्हणायला सुरुवात केली.

हे ऐकून तुम्हाला काकी म्हणजे कोणी सोशिक, हळव्या बाई वाटल्या असतील तर तो गैरसमज आधी दूर करते. बाई भयंकर तोऱ्याची. वाडीत सगळ्यात देखणं घर आपलं, हा त्यांचा ठाम समज होता आणि तो टिकवण्यासाठी त्या रंग लावायच्या. त्यांचे यजमान जेट्टीवर मच्छीमार लाँची रंगवायचे. ते गेले, पण पडवीच्या माळ्यावर उरलेल्या रंगांचे डबे आणि थिनरचे कॅन ठेवून गेले, आणि काकींनी तो वारसा वाया जाऊ दिला नाही. फाटक लाँचीच्या निळ्या रंगाचं, तुळशीवृंदावन निळं-पिवळं, न्हाणीघराचं दार निळं, रहाटाचे खांब निळे. कोंबड्यांच्या खुराड्यालाही पिवळी किनार होती. हलत नाही ते काकी रंगवतात, असं वाडीतले लोक म्हणत.

ते अर्धसत्य होतं. एकदा मी सड्यावरचे नमुने भरून परत आले तर त्यांच्या फाटकाशी लावलेल्या माझ्या पांढऱ्या स्कूटरचा मागचा मडगार्ड निळा झालेला होता. काकी बाजूला ब्रश घेऊन उभ्या. मडगार्डला गंज धरला होता म्हणे, आणि आपल्या फाटकाशी गंजकी गाडी उभी राहिलेली त्यांना बघवेना. वर बजावलं, "सुकेपर्यंत बस. जेवलीस काय?" मी चिडायच्या तयारीत होते, पण समोर कुळथाची पिठी आणि भात आला. कुळथाच्या पिठीपुढे माझा राग फार वेळ टिकत नाही. शिवाय त्या दिवसापासून माझी स्कूटर रत्नागिरीतल्या कुठल्याही गर्दीत मला लांबून ओळखू येऊ लागली.

माझ्या कामावर मात्र त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. मी पंप लावून पाइपातलं पाणी आधी बरंच वाहू द्यायची, मग करंगळीएवढ्या बाटल्यांत बुडबुडा राहणार नाही अशा बेताने भरायची. काकी गडग्यावर हात टेकून बघायच्या. एवढं पाणी ओतून टाकलं आणि न्यायचं एवढंसं, यावर त्यांचा आक्षेप होता. घरात धुणंभांडी करणाऱ्या बाईला ही उधळपट्टी पटणं कठीणच. पण हळूहळू त्या स्वतःच वाडीतल्यांना समजावून सांगू लागल्या की आधीचं पाणी शिळं असतं, ताजं आलं की मगच भरायचं. मी सांगितलं होतं त्याहून त्यांचं सांगणं सोपं होतं.

नंतर एकामागून एक वर्षं अहवाल स्वच्छ यायला लागले. विहिरीतला वास गेला. पाइपातलं औषध कमी कमी होत नाहीसं झालं. पाण्याची देखरेख करणाऱ्या कचेरीतून निरोप आला की आणखी एक वर्ष असंच निभावलं तर काकींची विहीर आणि शेजारच्या विहिरी खुल्या करायला हरकत नाही. त्याच सुमारास काकींची सून गरोदर असल्याची बातमी आली. मुलगा मुंबईला, सून इथे सासूजवळ. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याची झाली की विहिरीवर जाते, हळदकुंकू वाहून तिची ओटी भरते आणि एक कळशी घरात आणते. त्यानंतर तिचं पाणी भरणं पुन्हा सुरू होतं. काकींनी ते त्याच विहिरीवर केलं होतं, त्यांच्या सासूनेही केलं होतं. आता सुनेनेही तिथेच करावं आणि पहिली कळशी त्या पाण्याची यावी, याखेरीज त्या बाईच्या मनात दुसरं काही उरलं नाही. मला फोन करून सारख्या विचारायच्या, "होईल ना गो बाय?" आणि मी म्हणायची, काकी, फाल्गुनाचा अहवाल येऊ दे.

त्या फाल्गुनात मी तापाने आडवी झाले. माझ्या जागी मुंबईचा एक सहकारी जाऊन नमुने भरून आला. अहवाल आला तेव्हा मी नुकती कामावर रुजू झाले होते. विहीर स्वच्छ होती, पण गडग्याजवळच्या पाइपात भलतंच काही सापडलं होतं. पूर्वीचं छावणीचं औषध नव्हे, तर दुसरीच द्रव्यं, आणि तीही भरपूर. कचेरीत धावपळ उडाली. वरचं कापड फाटलं असेल, खाली न सापडलेली पिंपं असतील, ती आता फुटली असतील, असे तर्क निघाले. विहिरी उघडण्याचं काम अर्थातच थांबलं. मला जाऊन जागा बघून यायला सांगितलं.

मी फाटकाशी स्कूटर लावली आणि गडग्याकडे नजर गेली. पाइप निळा होता. नुसता निळा नाही, वरच्या झाकणाला पिवळा पट्टा, आणि त्यावर ठळक अक्षरांत 'श्री'. मी पाइपाकडे बघितलं, मग माझ्या मडगार्डकडे बघितलं. दोन्ही एकाच डब्यातले.

काकी कौतुकाची वाट बघत पडवीत उभ्या होत्या. शिमग्याची पालखी यंदा त्यांच्या परसावरून जायची होती. देव वाटेने येणार आणि कडेला गंजका पाइप, लोक नावं ठेवतील. म्हणून त्यांनी रंग काढला होता. झाकणाचं कुलूप खाऱ्या वाऱ्याने केव्हाच गळून पडलं होतं, नवं मागवलेलं आलं नव्हतं. झाकण उघडून काकींनी पाइपाचं तोंड आतून-बाहेरून थिनरच्या बोळ्याने घासून लखलखीत केलं होतं. "तुझा माणूस येणार होता ना तपासायला. त्याला बरं वाटावं म्हणून आतनं पण पुसलं," त्या म्हणाल्या. थिनर किती लागलं असं मी विचारलं, तर म्हणाल्या, हात सैल सोडला, देवाच्या कामाला कंजुषी कशाला.

मी पायरीवर बसले. अहवालातली ती सगळी द्रव्यं थिनरमध्ये असतात, हे मला आठवत होतं आणि ते काकींना कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. शेवटी सांगितलं. पाहुणे येणार म्हणून आपण जमीन सारवतो, तसंच त्यांनी केलं होतं. फरक इतकाच की या पाहुण्याला घर जसं आहे तसंच बघायचं होतं. काकींचा हात आपोआप पदराकडे गेला. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे विहीर नाय उघडत?" मी म्हटलं, पाइप धुऊन पुन्हा नमुने घेऊ, चूक लक्षात आली आहे, काही बिघडलेलं नाही. त्यावर काकी उठल्या. आत जाऊन उरलेला निळा रंग माळ्यावर अगदी मागे सारून आल्या.

पुन्हा नमुने घेणं बोलायला सोपं असतं. त्यासाठी मंजुरी लागते, मंजुरीसाठी खुलासा लागतो, आणि 'एका गृहिणीने पाइपावर श्री काढून थिनरने पुसला' हा खुलासा कोणत्या भाषेत लिहावा यावर आमच्याकडे बरेच दिवस गेले. तोवर वैशाख संपला. पाऊस लागला की वाडीच्या वाटेवर चिखलात स्कूटर जात नाही, म्हणून आणखी दिवस गेले. इकडे वाडीत कुजबूज सुरू झाली होती. विहिरी उघडल्या असत्या तर सातबाऱ्यावरचे शेरे उतरायला सुरुवात झाली असती, जमिनींना भाव आला असता. काकींच्या रंगाने सगळ्यांचं अडवलं, असं लोक म्हणू लागले. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा माहिती द्यायला मीही हजर होते. कोणी काकींचं नाव घ्यायला धजेना, सगळे नुसते त्यांच्याकडे बघत होते. काकी उठून उभ्या राहिल्या. "रंग मी लावला. गावच्या पालखीसाठी लावला. चूक माझी हाय, पाइपाची नाय," एवढं बोलून खाली बसल्या. त्या दिवशी घरी परतताना त्यांनी मला पहिल्यांदाच जेवायला थांब म्हटलं नाही.

आषाढ सरता सरता मी चिखल तुडवत पायी गेले आणि नमुने भरले. पाइप भरपूर वाहू दिला. काकी छत्री धरून शेजारी उभ्या होत्या, माझ्यावर नाही, बाटल्यांवर. त्या देवाला काय काय बोलल्या असतील ते देव जाणे. श्रावणात सून बाळंत झाली, मुलगी झाली. आणि त्याच आठवड्यात माझ्या हातात अहवाल आला.

थिनरचा मागमूस नव्हता. पण छावणीचं जुनं औषध होतं. पाइपात होतं आणि विहिरीतही होतं, पिण्याच्या मर्यादेच्या वर. आम्ही इतकी वर्षं फाल्गुनात येत होतो, जेव्हा सड्याच्या पोटातलं पाणी खोल गेलेलं असतं. पावसात ते वर चढतं, उकिरड्याच्या बुडाला लागतं आणि जांभ्यातून झिरपत पायथ्याला येतं. नमुने फाल्गुनात घ्यायचे हे कोणीतरी, कधीतरी ठरवलं होतं. वाट कोरडी असते म्हणून ठरवलं असावं. भर पावसात पाणी तपासायला याआधी कोणी गेलंच नव्हतं, आणि त्या वर्षीही गेलो नसतो.

मी तो कागद घेऊन काकींकडे गेले. घरात नव्या बाळाचा, धुरीचा, तेलाचा वास होता. सून आतल्या खोलीत होती. काकींनी मला पडवीत बसवलं, पाणी दिलं, भांड्यावर हात धरून नेहमीचं वाक्य म्हटलं. मी पाणी प्याले आणि सांगितलं.

त्यांनी विहिरीच्या दिशेने बघितलं. मग विचारलं, "ह्यात माझ्या रंगाचं किती?"

"कणभर नाही, काकी. हे सगळं उकिरड्याचं."

"आणि मी रंग लावला नसता तर?"

मी म्हटलं, फाल्गुनाचा अहवाल स्वच्छ आला असता. वैशाखात विहीर उघडली असती.

"म्हणजे ही पोरगी बाळंतपणात हेच पाणी प्याली असती," काकी म्हणाल्या. "आणि बाळ तिच्या अंगावर."

मी मान हलवली. काकींनी तोंडाला पदर लावला. त्या रडत होत्या हे मला खांद्यांवरून कळत होतं. विहीर गेली म्हणून रडत होत्या, की बाळ वाचलं म्हणून, हे मी विचारलं नाही. बहुधा दोन्ही एकदमच होतं. मलाही रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. थोड्या वेळाने पदर बाजूला करून त्या म्हणाल्या, "माणूस गेला तरी त्याचं थिनर घरच्यांना उपयोगी पडलं बघ," आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की आत बाळ जागं झालं आणि सुनेने आम्हाला गप्प केलं.

वाडीत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. काकींना कोणी येऊन चुकलो म्हणालं नाही. आमच्याकडे तशी पद्धतही नाही. पण त्यांच्या पडवीत रोज कोणाच्या ना कोणाच्या परसातलं तवसं येऊन पडू लागलं. इतकी काकडी घरात खाणार कोण, म्हणून त्यातली निम्मी माझ्या बर्फाच्या पेटीतून रत्नागिरीला आली.

सव्वा महिना झाला तेव्हा काकींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. मला वाटलं, आता ओटी नळाची भरणार. पण त्या सुनेला घेऊन विहिरीवर गेल्या. जाळीला कुलूप तसंच होतं. मला विचारलं, बाहेरून हळदकुंकू लावलं तर चालेल ना? मी म्हटलं, हरकत नाही, फक्त पाणी काढायचं नाही. सुनेने कठड्याला हळदकुंकू लावलं, तांदूळ-नारळ ठेवून ओटी भरली, वाकून नमस्कार केला. मग नळावर भरून आणलेली कळशी त्यांनी विहिरीभोवती फिरवली आणि सुनेच्या कमरेवर दिली. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. काकी म्हणाल्या, "घरातलं माणूस आजारी असलं म्हणून त्याचा मान काढून घेतात काय? आजारी हाय ती. बरी होईल तेव्हा होईल."

हे वाक्य मी पुष्कळदा घोळवलं आहे. तोपर्यंत माझ्या लेखी तो सडा एक काम होता, कधीतरी संपवून फाईल बंद करायची असं काम. तो संपणार नाही, माझ्या नोकरीच्या आत तर नाहीच, आणि तरी दर वर्षी त्याची विचारपूस करत राहायचं असतं, हे मला काकींमुळे उमगलं. त्यानंतर आम्ही फाल्गुनात जातो आणि आषाढातही जातो. विहीर खुली करण्याच्या कागदावर माझी सही झाली असती, ती काकींच्या ब्रशाने थांबवली. त्या मुलीला शाळेच्या गणवेशात बघते तेव्हा दर वेळी मला हे आठवतं आणि आतून कृतज्ञ वाटतं. दुसरा शब्द नाही त्याला.

पुढे काही वर्षांनी सड्यावर दुसरीच कळा आली. वरून समुद्र दिसतो म्हटल्यावर प्लॉट पाडणारे येणारच. एक दलाल गाड्या भरभरून गिऱ्हाइकं आणू लागला. फाटकावरची पाटी खाऱ्या हवेने खाल्लेली, अक्षरं धड लागत नव्हती. सातबारा बघण्याची घाई गिऱ्हाइकांना नव्हती आणि दाखवण्याची दलालाला नव्हती. पण उन्हाचं सडा चढून उतरल्यावर माणसाला तहान लागते, आणि पायथ्याचं पहिलं घर काकींचं, तेही निळ्या फाटकाचं. काकी पडवीत बसवायच्या, पाण्याची भांडी आणायच्या, वर तळवा धरायच्या. "नळाचं हो. निर्धास्त प्या." पुण्या-मुंबईची माणसं साहजिकच विचारायची, असं का म्हणता? मग काकी त्यांना का ते सांगायच्या, अगदी पहिल्यापासून, पिंपं, कापड, थिनर, नात, सगळं. त्यानंतर गाडी सरळ रत्नागिरीच्या वाटेला लागायची.

शेवटी दलाल हात जोडून म्हणाला, काकी, एवढं करा, माझ्या पाहुण्यांना पाणी देऊ नका. काकींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांना खराखुरा धक्का बसलेला होता. दारी आलेल्याला पाणी देऊ नका, असं माणूस म्हणूच कसा शकतो, हे त्यांना समजत नव्हतं. त्यांनी पाणी देणं थांबवलं नाही. दलालाने येणं थांबवलं. कचेरीने नंतर पाटी नवी केली, जाड पत्र्याची, चांगली आहे. पण तिच्यामुळे कोणी परत गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पाइपाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. पालखीच्या वर्षी एकदा फोन करून विचारलं, भोवती रांगोळी काढली तर चालते काय? मी प्रयोगशाळेत विचारून, अंतर ठेवून काढा म्हणून कळवलं. तेव्हापासून शिमग्याला सगळं परस निळं-पिवळं झळकायचं आणि मधोमध तो एकटा, रंग उडून पुन्हा गंजलेला पाइप, भोवती हातभर जागा सोडून घातलेली ठिपक्यांची रांगोळी. पालखीचे भोई तिथे जरा वळसा घालून जायचे.

गेल्या पौषात काकी गेल्या. झोपेतच गेल्या, कोणाला त्रास दिला नाही. सुनेचा फोन आला तेव्हा मी चिपळूणला कामावर होते, वेळेत पोचता आलं नाही. फाल्गुनात नमुन्यांसाठी गेले. फाटक नव्याने रंगवलेलं होतं, तुळशीवृंदावनही. यंदा सुनेने ब्रश हातात घेतला होता. पिवळ्या किनारी जरा वाकड्या गेल्या होत्या, काकींनी त्या मोडून पुन्हा काढल्या असत्या. पाइपाभोवती रांगोळी होती. मी पाणी वाहू दिलं, बाटल्या भरल्या, पेटी बांधली.

सुनेने पडवीत बसायला सांगितलं आणि पाण्याचं भांडं आणून माझ्यापुढे ठेवलं. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मुलगी शाळेतून यायची होती. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला सड्यावरून उतरल्यामुळे सपाटून तहान लागली आहे, भांडं हाताशी आहे, आणि मी प्यायलेले नाही. मी वाट बघत होते. सून माझ्याकडे बघत होती आणि तिलाही कळलं. तिने हात पुढे केला, तळवा भांड्यावर आडवा धरला, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना.

मीच म्हटलं, "नळाचं ना?"

"नळाचंच," ती म्हणाली आणि हात उचलला. मग मी पाणी प्याले.